गावाचे दप्तर आणि डिस्कांचे संच



लोणावळ्याजवळ, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर वसलेल्या कुरवंडे गावाच्या परिसरात इंद्रायणीचा उगम होतो. नागफणीच्या सुळक्याच्या छायेत जन्मलेला हा लहानसा प्रवाह पुढे मावळ ओलांडून देहूला आणि आळंदीला जातो. याच इंद्रायणीच्या डोहात संत तुकाराम महाराजांच्या अभंगांच्या वह्या बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या तरल्या, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. श्रद्धेने या कथेकडे पाहणारा तिच्यात विठ्ठलाची कृपा पाहतो. त्याच श्रद्धेला बाध न आणता तिच्यात आणखी एक अर्थही पाहता येतो. वह्या पाण्यात गेल्या तरी अभंग पाण्यात गेले नव्हते. ते टाळकऱ्यांच्या कंठात होते, वारकऱ्यांच्या पाठांतरात होते, संताजी जगनाडे यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी उतरून घेतलेल्या वह्यांत होते. पुढे १८६९ आणि १८७३ साली मुंबई सरकारच्या आर्थिक साहाय्याने गाथेचे दोन खंड छापले गेले, त्या वेळी संपादकांना देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा निरनिराळ्या ठिकाणची हस्तलिखिते ताडून पाहता आली. एकच प्रत एकाच घरात राहिली असती, तर हे शक्य झाले नसते.

जे एकाच ठिकाणी असते ते केव्हाही नाहीसे होऊ शकते, आणि जे अनेकांकडे असते ते टिकते, हा या नदीकाठचा जुना धडा आहे. संगणकाच्या युगात तो पुन्हा नव्याने शिकण्याची वेळ आली आहे.

एका डिस्कवरचा भरवसा

कुरवंड्यासारख्या गावातील एखादा शिक्षक डोळ्यांसमोर आणावा. शाळेतील स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, ग्रामसभांचे चित्रीकरण, गावातील वृद्धांच्या आठवणी, जात्यावर दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्या, जुन्या मोडी कागदांच्या प्रतिमा असा संग्रह त्याने हौसेने आणि कष्टाने केला आहे. प्रारंभी हा संग्रह भ्रमणध्वनीत मावतो, मग संगणकात जातो आणि पाहता पाहता संगणकही अपुरा पडू लागतो. ए-चार आकाराचे एक पान ३०० बिंदूंच्या घनतेने रंगीत व संकोच न करता टिपले, तर त्याला सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. अशी हजार पाने म्हणजे २६ गिगाबाइट. उत्तम प्रतीच्या ध्वनिमुद्रणाला तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात, तर दर सेकंदास १०० मेगाबिट या वेगाने केलेल्या उच्च दर्जाच्या चित्रीकरणाला तासाला ४५ गिगाबाइट. शंभर तासांचे असे चित्रीकरण साडेचार टेराबाइट भरते.

हा सारा ठेवा बहुधा एकाच हार्ड डिस्कवर असतो. हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ५,४०० अथवा ७,२०० फेरे घेणाऱ्या चुंबकीय चकत्या आणि त्यांच्यावरून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगणारे वाचनशीर्ष. इतके नाजूक यंत्र वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते, हेच नवल मानावे लागेल. परंतु प्रत्येक डिस्क एक ना एक दिवस बंद पडतेच. प्रश्न फक्त केव्हा, एवढाच असतो. डिस्क नवी आणता येते. तिच्यावरील ज्या आजींचा आवाज होता, त्या आजी आता हयात नसतील, तर तो आवाज कोठून आणावयाचा?

मावळ-मुळशीच्या या डोंगराळ पट्ट्यात अशा आवाजांचे मोल ओळखणारे कार्य झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अनेक सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांपैकी हजारो ओव्या गायिकांच्या स्वतःच्या आवाजात मुद्रित झाल्या. २०१७ पासून हा संग्रह टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला होत गेला. लिहिलेली संहिता, मुद्रित आवाज आणि त्यांच्या संगणकीय नोंदी अशा अनेक रूपांत तो जपला गेला, म्हणूनच मूळ गायिकांच्या नातींना तो आज ऐकता येतो.

अनेक लहानांचे बळ

एका मोठ्या व महागड्या डिस्कवर अवलंबून राहण्याऐवजी अनेक साध्या, स्वस्त डिस्क एकत्र बांधून त्यांच्याकडून अधिक वेगाचे आणि अधिक भरवशाचे काम करून घ्यावे, ही कल्पना १९८८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एका निबंधात मांडली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'रेड' असे म्हणतात. मूळ नावात 'स्वस्त' हा शब्द होता. पुढे त्याच अक्षराचा अर्थ 'स्वतंत्र' असा घेण्याचा प्रघात पडला.

योगायोग असा की, त्याच १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, स्थापना झाली. परदेशातून महासंगणक मिळण्यात अडचणी येत असताना या केंद्राने अनेक साधे प्रक्रियक समांतर जोडून १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. एक बलाढ्य यंत्र मिळत नसेल तर अनेक लहान यंत्रांनी मिळून ते काम करावे, हाच विचार दोन्हीकडे दिसतो. सहकाराच्या वाटेने पुढे गेलेल्या महाराष्ट्राला तो परका वाटण्याचे कारण नाही.

आज हे तंत्र प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. पुण्यामुंबईच्या बाजारातून सुटे भाग आणून घरी संगणक जोडणारा कोणीही हौशी तरुण त्याचा अवलंब करू शकतो. मात्र त्यामागील तत्त्व समजून घेतले नाही, तर सुरक्षिततेचा केवळ आभास निर्माण होतो, आणि आभास हा अज्ञानापेक्षाही घातक ठरतो.

पडताळ्याचे साधे गणित

डिस्क एकत्र बांधण्याच्या अनेक रीती आहेत व त्यांना क्रमांक दिलेले आहेत. 'रेड ०' या रीतीत माहितीचे तुकडे करून ते सर्व डिस्कांवर आळीपाळीने लिहिले जातात. चार माणसांनी एकदम भात लावावा तसा वेग त्यामुळे वाढतो. परंतु चारांपैकी एक डिस्क गेली की साराच संच निकामी होतो. येथे अधिक डिस्क म्हणजे अधिक धोका, हे विसरता कामा नये.

'रेड १' मध्ये प्रत्येक गोष्ट दोन डिस्कांवर जशीच्या तशी लिहिली जाते. एक गेली तर दुसरी काम चालू ठेवते. पैसा दुप्पट लागतो, पण रीत सर्वांत सोपी आणि समजण्यास स्वच्छ आहे.

'रेड ५' ची रीत अधिक चतुर आहे. शिक्षकांना ती फळ्यावर सहज समजावून देता येईल. संगणकातील सर्व माहिती अखेर शून्य आणि एक या दोनच अंकांत असते. तीन डिस्कांवर एकाच जागी १, ० आणि १ असे अंक आहेत असे समजावे. त्यांतील एकांची संख्या सम असेल तर चौथ्या डिस्कवर ० लिहावा, विषम असेल तर १ लिहावा. येथे एक हा अंक दोनदा आला आहे, म्हणून चौथ्या डिस्कवर ० येईल. हा झाला पडताळ्याचा अंक. आता दुसरी डिस्क बंद पडली, तर १, अज्ञात, १ आणि पडताळा ० एवढेच हाती उरते. सर्व मिळून एकांची संख्या सम असलीच पाहिजे. ती उरलेल्या अंकांत आधीच सम आहे, म्हणून हरवलेला अंक ० होता हे निश्चित होते. अशा कोट्यवधी अंकांची भरपाई संगणक करतो आणि नव्या डिस्कवर जुनी डिस्क पुन्हा अवतरते. पडताळ्याचे अंक एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कांवर वाटून ठेवतात, जेणेकरून कोणा एकीवर जादा भार पडत नाही.

'रेड ६' मध्ये असे दोन स्वतंत्र पडताळे असतात. त्यामुळे कोणत्याही दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी माहिती वाचते. 'रेड १०' मध्ये डिस्कांच्या जोड्या लावून त्या जोड्यांवर माहिती वाटली जाते. प्रत्येकी चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या, तर 'रेड ०' मध्ये १६, 'रेड ५' मध्ये १२, आणि 'रेड ६' किंवा 'रेड १०' मध्ये ८ टेराबाइट जागा वापरास मिळते. चार टेराबाइटची डिस्क संगणकावर सुमारे ३.६ टेराबाइट दिसते, म्हणून कोणी फसवणूक झाली असे समजू नये. कारखाना दशमान पद्धतीने मोजतो आणि संगणक अनेकदा द्विमान पद्धतीने मोजतो, एवढाच तो फरक आहे.

एका संगणकात अनेक संच

एकाच संगणकात एकापेक्षा अधिक संच कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. घरात धान्याची कणगी, रोजच्या वापराचे पीठ आणि बियाणे आपण वेगवेगळे ठेवतो. त्यामागे जे शहाणपण आहे तेच येथेही लागू पडते.

संगणकाची मूळ कार्यप्रणाली दोन लहान, फिरत्या चकत्या नसलेल्या डिस्कांवर 'रेड १' पद्धतीने ठेवावी. एक गेली तरी संगणक सुरू होतो. चित्रफितींची काटछाट करताना लागणारी तात्पुरती माहिती, जी गेली तरी हळहळ वाटणार नाही, तिच्यासाठी वेगवान 'रेड ०' चालेल. आणि ज्याचे नुकसान भरून येणार नाही असा मुख्य संग्रह चार किंवा अधिक मोठ्या डिस्कांच्या 'रेड ६' अथवा 'रेड १०' संचात ठेवावा. कोणत्या माहितीचे मोल किती, हे ठरविणे ही पहिली पायरी आहे. डिस्क विकत घेणे ही दुसरी.

येथे एक चूक वारंवार होते. मोजक्याच डिस्क आहेत म्हणून प्रत्येक डिस्कचे दोन-तीन भाग पाडून त्याच डिस्कांवर दोन-तीन संच उभे केले जातात. कागदावर संच तीन दिसतात, पण एक डिस्क गेली की तिन्ही संच एकाच वेळी पंगू होतात. एकाच भिंतीवर तीन घरांची आढी टेकवावी, तशातला हा प्रकार आहे. संच वेगळे असतील तर डिस्कही वेगळ्या असाव्यात.

जोडणी करताना

मदरबोर्डवर डिस्क जोडण्याची तोंडे किती आहेत, हे भाग विकत घेण्यापूर्वीच पाहावे. अनेक मदरबोर्डांवर सहा साटा तोंडे असतात. मात्र चपट्या एम-टू डिस्कसाठी असलेली खाच वापरली की त्यांतील एखाददुसरे तोंड बंद होते, असेही काही मदरबोर्डांच्या बाबतीत घडते. सोबतच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते. पुस्तिका न वाचता चार हजार रुपयांच्या भागासाठी बाजाराचा दुसरा हेलपाटा घालणारे थोडे नसतात.

वीजपुरवठ्याचा हिशेबही आधी करावा. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना वीस ते पंचवीस वॉटपर्यंत वीज ओढते, पुढे मात्र तिला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पुरते. सहा डिस्क एकदम सुरू होताना हा भार दीडशे वॉटच्या घरात जातो. डिस्कांवरून हवा खेळती राहील अशी पंख्याची योजना असावी आणि त्या सहसा चाळीस अंशांपेक्षा फार तापू नयेत.

संच सांभाळण्याचे काम कोणाकडे द्यावयाचे, हा महत्त्वाचा निर्णय आहे. स्वतंत्र नियंत्रक कार्ड हे काम समर्थपणे करते, पण ते कार्डच बिघडले तर त्याच जातीचे दुसरे कार्ड शोधावे लागते. मदरबोर्डमध्ये अंगभूत असलेली सोय फुकट मिळते, परंतु तिच्यासाठी कार्यप्रणाली बसविण्यापूर्वीच बायोसमध्ये तशी निवड करावी लागते आणि मदरबोर्ड बदलला की अडचणी उभ्या राहू शकतात. लिनक्समधील 'एमडीॲडम' सारखी केवळ आज्ञावलीवर चालणारी व्यवस्था संचाची माहिती डिस्कांवरच लिहून ठेवते. त्यामुळे सर्व डिस्क दुसऱ्या लिनक्स संगणकाला जोडल्या तरी संच ओळखला जातो. 'झेडएफएस' ही व्यवस्था याही पुढे जाऊन प्रत्येक तुकड्याची बेरीज-पडताळणी ठेवते. त्यामुळे डिस्कने मुकाट्याने चुकीचे अंक परत दिले तर ते तिच्या ध्यानात येते. खेड्यातील घरी, जेथे तेच कार्ड पुन्हा मिळेल याची शाश्वती नसते, तेथे अशा मोकळ्या व्यवस्था अधिक सोयीच्या ठरतात.

डिस्कची जातही पारखून घ्यावी. काही डिस्कांमध्ये माहितीच्या रेघा कौलांप्रमाणे एकमेकींवर किंचित चढवून लिहिलेल्या असतात. जागा त्यामुळे वाढते. पण ज्यांनी पावसाळ्यापूर्वी घर शाकारले आहे त्यांना ठाऊक आहे की, मधले एक कौल बदलावयाचे तर त्यावर चढलेली शेजारची कौले उचलावी लागतात. या डिस्कांचेही तसेच आहे. एक रेघ बदलण्यासाठी शेजारच्या अनेक रेघा पुन्हा लिहाव्या लागतात. नवी डिस्क भरून संचाची पुनर्बांधणी करताना अशी डिस्क अतोनात रेंगाळते. कधी कधी तर नियंत्रक तिला मृत समजून संचाबाहेर काढतो. पडताळ्याच्या संचासाठी अशी कौलारू डिस्क टाळणेच बरे.

प्रत्येक डिस्कवर तिचा अनुक्रमांक दिसेल अशी चिठ्ठी चिकटवावी, आणि कोणती डिस्क कोणत्या तोंडाला जोडली आहे, याची नोंद वहीत करून ठेवावी. बिघडलेली डिस्क काढताना चुकून चांगली डिस्क उपसली गेल्याने संच नाहीसे झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. हाताशी शाई आणि कागद असेल तर हे टळते.

घाटातील सामाईक रस्ता

कुरवंड्याच्या रहिवाशांना एकाच वाटेवर विसंबण्याचा धोका इतिहासानेच शिकविला आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची मोठी फौज कुरवंडे घाटाने कोकणात उतरली आणि उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी तिला गाठले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. वाट एकच होती.

पुढील काळात बोरघाटातून रस्ता झाला, १८६३ साली रेल्वे घाट चढली आणि २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. परंतु घाटातील काही भागात द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग यांना एकाच रस्त्याने न्यावे लागले. त्या सामाईक टप्प्यात दरड कोसळली वा वाहन उलटले की दोन्ही मार्ग ठप्प होत. दोन रस्त्यांचा उपयोग ते वेगवेगळे असेपर्यंतच असतो.

डिस्कांच्या संचालाही नेमका हाच न्याय लागू पडतो. चार डिस्क वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांचा पॉवर सप्लाय एक असतो, कॅबिनेट एक असते, खोली एक असते. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच उत्पादन-तुकडीतील चार डिस्क आणल्या, तर त्यांचे वयही एक आणि दोषही एक असण्याचा संभव असतो. पहिली बंद पडल्यावर संच पुन्हा बांधताना उरलेल्या डिस्क अखंड वाचाव्या लागतात. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने भरली, तरी साडेसात तास लागतात. संगणकावर इतर काम चालू असेल तर याहून बराच अधिक काळ जातो. थकलेल्या बैलजोडीतील एक बैल बसल्यावर दुसऱ्यावर सारा भार पडावा, तसे हे तास असतात. दुसरी डिस्क नेमकी याच वेळी दगा देऊ शकते. मोठ्या डिस्कांसाठी 'रेड ५' ऐवजी 'रेड ६' ची शिफारस केली जाते ती याच कारणाने. शक्य तेथे डिस्क निरनिराळ्या तुकड्यांतील घ्याव्यात आणि एक कोरी डिस्क घरात तयार ठेवावी.

घाटमाथ्यावरील पावसाळ्यात वीज जाणे नवलाचे नाही. माहिती लिहिली जात असताना आणि पडताळा लिहिला जाण्यापूर्वी वीज गेली, तर दोहोंचा मेळ तुटतो आणि पुढे चुकीच्या पडताळ्यावरून चुकीची माहिती उभी राहू शकते. म्हणून यूपीएस ही चैनीची वस्तू न मानता संचाचाच एक भाग मानावी आणि वीज जाताच संगणक शिस्तीने बंद होईल अशी तिची जोडणी असावी.

संच म्हणजे राखीव प्रत नव्हे

आतापर्यंतच्या विवेचनात जे सर्वांत महत्त्वाचे, ते येथे सांगितले पाहिजे. डिस्कांचा संच कितीही उत्तम असला, तरी तो राखीव प्रत होऊ शकत नाही. संच फक्त डिस्कच्या मृत्यूपासून संरक्षण देतो. मालकाच्या चुकीपासून तो संरक्षण देत नाही. रात्री उशिरा कंटाळलेल्या हाताने एखादे फोल्डर पुसले, तर ते सर्व डिस्कांवरून त्याच क्षणी, अत्यंत प्रामाणिकपणे पुसले जाते. खंडणीखोर विषाणूने माहितीला कुलूप घातले, तर ते प्रतिबिंबालाही लागते. चोर संगणक उचलून नेतो तेव्हा पडताळ्याची डिस्कही सोबत जाते.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीला लागलेली आग अनेकांच्या स्मरणात असेल. त्या दुर्घटनेत प्राणहानी झाली आणि अनेक विभागांच्या कागदपत्रांचे मोठे नुकसान झाले. एका छपराखाली ठेवलेल्या दहा प्रती या संकटसमयी एकच प्रत असतात, हे त्या दिवशी साऱ्या राज्याने पाहिले. कार्यालयीन कामकाज संगणकावर आणण्याची निकड त्यानंतर अधिक तीव्रतेने जाणवली. आगीचा हा धडा घरच्या संगणकालाही तितकाच लागू आहे.

यासाठी जगभर मानला गेलेला एक सोपा नियम आहे. मोलाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी किमान एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. कुरवंड्यातील शिक्षकाने मुख्य संग्रह संचात ठेवावा, दुसरी प्रत दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी आणि तिसरी प्रत तळेगावच्या किंवा पुण्याच्या आप्ताकडे, कुलूपबंद व सांकेतिक स्वरूपात ठेवावी. काढून ठेवलेली डिस्क घाटमाथ्याच्या दमट हवेपासून जपण्यासाठी हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह असावी. फिरत्या चकत्या नसलेल्या डिस्क मात्र वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्यास योग्य नाहीत, कारण त्यांतील विद्युतभार हळूहळू ओसरतो.

आणि प्रत घेतली म्हणजे काम संपले असे नाही. वर्षातून दोनदा तरी त्या प्रतीतून काही फाइली परत काढून, उघडून, ऐकून पाहाव्यात. नवा संच उभा केल्यावर, तो अजून रिकामा असतानाच, मुद्दाम एक डिस्क काढून पुनर्बांधणीचा सराव करावा. आगीशी लढण्याचा सराव आग लागल्यावर करता येत नाही. कुरवंड्याच्या शेजारीच असलेल्या 'आयएनएस शिवाजी' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात १९४५ पासून यंत्रविद्येचे शिक्षण दिले जाते. जहाजाला भगदाड पडल्यावर काय करावे, हे नौसैनिक किनाऱ्यावर असतानाच शिकतो. संगणक बाळगणाऱ्यानेही तेच करावे.

शाळा आणि ग्रामपंचायत

घरच्या संगणकाची ही शिस्त गावाच्या कारभारालाही मार्गदर्शक ठरू शकते. ग्रामपंचायतीचे नमुना १ ते ३३ पर्यंतचे अभिलेख, त्यांतील कर आकारणीचा नमुना ८, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर यांवर माणसांचे हक्क उभे असतात. एखाद्या वृद्धाची जन्मतारीख, एखाद्या विधवेच्या घराची नोंद, एखाद्या विद्यार्थ्याचा जातीचा पुरावा पुष्कळदा या एका ओळीवर अवलंबून असतो. ती ओळ गेली तर त्या माणसाला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे मिळू लागले, त्यामागेही नोंद सुरक्षित आणि सहज उपलब्ध असावी हीच भूमिका आहे.

मात्र एक मर्यादा कटाक्षाने पाळली पाहिजे. सार्वजनिक अभिलेख हे कोणाच्या घरच्या संगणकाची मालमत्ता नव्हेत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये त्यांच्या जतनाची जबाबदारी सांगितलेली आहे, आणि नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला आहे. ग्रामस्थांच्या आधारपत्रांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या दाखल्यांच्या प्रती हौसेखातर घरी साठविणे योग्य नाही. घरच्या संचात गावाच्या आठवणी असाव्यात. गावाचे दप्तर कार्यालयातच, विहित पद्धतीने राहावे. पण त्या दप्तराची दुसरी प्रत कोठे आहे, ती शेवटची केव्हा तपासली, आणि संगणक आज बंद पडला तर उद्या काम कसे चालेल, हे तीन प्रश्न प्रत्येक सदस्याने आपल्या मासिक सभेत अवश्य विचारावेत. त्यांची उत्तरे देण्यास फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती एक वही, एक ठरलेला दिवस आणि एक जबाबदार माणूस.

कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते आणि उन्हाळ्यात रोडावते. यंत्रांचेही तसेच आहे. आजची वेगवान डिस्क उद्या जुनी होईल, आजची रीत परवा बदलेल. बदलणार नाही ती एकच गोष्ट. ज्या गावाने आपली आठवण एकाच हाती सोपविली, त्याने ती केव्हा गमावली हेही त्याला कळत नाही. ज्या गावाने ती अनेकांच्या कंठात, अनेकांच्या वह्यांत आणि अनेकांच्या घरी जपली, त्याच्या वह्या बुडाल्या तरी पुन्हा वर येतात.